निरोपांची वही

जव्हारला मामाचं एसटीडी बूथ होतं. काचेचं दार, आत एक स्टूल आणि समोर मीटर. बोलणं लांबलं की लाल आकडे पळायचे आणि आतल्या माणसाचा आवाज घाईचा व्हायचा. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून मामा जेवून पुन्हा बूथ उघडायचा.

दिवाळी झाली की पाड्यांवरची माणसं उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जगायला जात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे फोन कुठला? भट्टीजवळच्या दुकानातून फोन यायचा तो मामाकडे. तो वहीत उतरवून घ्यायचा : ‘पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत.’ ‘होळीला येत नाही, उचल फिटली नाही.’ बाजाराच्या दिवशी त्या पाड्याचं कुणी दिसलं की हाक मारून वाचून दाखवायचा आणि मग त्या ओळीवर रेघ ओढायचा. निरोपाचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. पोट चालायचं ते कॉलच्या कमिशनवर.

मोबाईल आले आणि कमिशन आटलं. 2016 मध्ये जिओ आलं तोवर बूथमध्ये झेरॉक्सचं मशीन बसलं होतं. स्वस्ताई आली याचा मला आनंदच आहे. पण टॉवर उभा राहतो तो गिऱ्हाईक असेल तिथे. मोखाड्याच्या डोंगरातला पाच-पंचवीस घरांचा पाडा कुठल्या कंपनीला परवडणार? सरकारला हे ठाऊक होतं, म्हणून तर 2002 पासून कंपन्यांच्या महसुलातले 5 टक्के सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतले जाऊ लागले.

2020 च्या टाळेबंदीत भट्ट्यांवर अडकलेल्यांच्या हातात मोबाईल होते, पण पाड्यावर रेंज नव्हती. त्यांनी मामाचा नंबर लावला. त्याने नवी वही घातली आणि रेशनच्या रांगेपाशी उभं राहून निरोप वाचले. पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

जुलै 2022 मध्ये केंद्राने 4जी न पोचलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी मंजूर केले. ते काम पुरं व्हायच्या आतच, 1 जानेवारी 2023 पासून, रोजगार हमी योजनेची हजेरी मोबाईलवर सक्तीची झाली : मजुरांचे दिवसातून दोन फोटो. मामा निरोप फुकट पोचवायचा म्हणून आम्ही त्याचं कौतुक करायचो. पण ते काम होतं, आणि त्याचा मोबदला सार्वत्रिक सेवा निधीतून मिळायला हवा होता. आज हजेरीचे फोटो चढवायला कुणी रेंजसाठी टेकडी गाठत असेल, तर त्याच्याही कष्टाची तरतूद कुठे आहे, हे मी विचारत राहणार आहे.