उद्यमनगरातील जुनी येझदी

शिवाजी उद्यमनगरात लेथचा आवाज आधी कानी येतो, दुकानांच्या पाट्या मागाहून दिसतात. उसाला पाणी देणारी ऑइल इंजिने कोल्हापूरच्या अशाच कारखान्यांतून घडली. सुटा भाग बाहेरून येण्याची वाट पाहण्यापेक्षा तो येथेच बनवून घ्यावा, ही या गावाची जुनी खोड. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरासुद्धा येथेच तयार केला. त्यामुळे म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी त्याच्या जावा-येझदी गाड्यांना येथे हात लावणारा मिस्त्री मिळतो.

व्यापारी घरात अशी गाडी बहुधा वडिलांची असते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीतील पेढीवरून निघून वसुलीसाठी निपाणी, गडहिंग्लज, प्रसंगी आंबोली घाट उतरून सावंतवाडी, इतकी तिची मजल. आज इंजिन ठीक असते. परंतु टाकीवरचा क्रोम फुगून उठलेला, नावाचे चिन्ह अर्धे पुसलेले आणि टाकीच्या दोन्ही बाजूंच्या रबरांना भेगा पडलेल्या. मुलाला ती अगदी नवी करून वडिलांपुढे उभी करायची असते. येथेच घाई नडते.

क्रोमचा थर दिसतो तेवढा जाड नसतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही तो पातळ. खरी झळाळी त्याखालच्या निकेलची. वरवरचा तांबूसपणा ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला तरी बराच निघतो. पत्र्याला खड्डे पडले असतील तरच जुना थर उतरवून नवा चढवावा. त्यातही बफिंग जास्त झाले, तर पत्रा झिजतो, कडा बोथट होतात, आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही. या कामातले क्रोमियमचे पाणी विषारी असते. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याने, त्या पाण्याची विल्हेवाट कशी लावता, हे भावाआधी विचारावे.

टाकीचे रबर काढल्यावाचून गंजाचा हिशेब लागत नाही, कारण पावसाळ्याचे पाणी त्यामागेच अडकून राहते. सीट रेक्झिनची शिवून मिळते. चामड्याच्या कामासाठी नावाजलेल्या या गावात लांबच्या प्रवासासाठी कॅनव्हासची बॅग मागितली, तर कारागिराला त्याचे नवल वाटत नाही. रंग मात्र मूळचाच ठेवावा. तो बदलला तर आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते.

प्रश्न उरतो रबरांचा. नवा जोड बाजारात मिळतो, पण साचा जुळला नाही तर टाकीच्या वळणावर तो उठून राहतो. शिवाय जुन्या रबरावर एक जागा गुळगुळीत झालेली असते, बरोबर वडिलांचा गुडघा टेकायचा तिथे. म्हणून गाडी मिस्त्रीकडे नेण्यापूर्वी वडिलांना तिच्यावर एकदा बसू द्यावे, आणि काय ठेवायचे ते त्यांनाच विचारावे. काही घरांत मग जुनेच रबर धुऊन पुन्हा बसते. नवा जोड कागदात गुंडाळून पेढीच्या कपाटात, जुन्या चोपड्यांशेजारी जातो, आणि येझदी हातकणंगल्याच्या वाटेने बाहुबलीकडे निघते.