पालथा घडा

आपल्या भाषेने घड्याची फार बदनामी केली आहे. ज्याच्या डोक्यात शिकवलेले काही शिरत नाही, त्याला आपण खुशाल पालथा घडा म्हणतो. शाळेत गणिताच्या तासाला ही पदवी माझ्याही वाट्याला अनेकदा आलेली असल्यामुळे या मुक्या भांड्याविषयी मला पहिल्यापासून आपुलकी वाटते. त्याची बाजू कोणीतरी मांडलीच पाहिजे.

घडा पालथा म्हणजे तो रिकामा, अशी आपली समजूत असते. एखादा पेला पालथा धरून बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबून पाहा. पाणी काठापासून थोडेसेच वर चढते आणि थांबते. आत हवा दडून बसलेली असते; ती आपली जागा सहजासहजी सोडीत नाही. पाण्याला नकार देणारा हा पेला हवा मात्र जिवापाड सांभाळतो.

या कोंडलेल्या हवेच्या अंगी एक मोठा गुण आहे. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली म्हणजे ती घुमते. तोंडाशी असलेली हवा आतबाहेर हलते आणि पोटातली हवा स्प्रिंगेसारखी दबते व फुगते. प्रत्येक भांड्याचा असा स्वतःचा एक सूर असतो. मोठ्या पोटाचे भांडे खर्जात बोलते, लहान भांडे वरच्या पट्टीत. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने अशा पोकळ गोलांच्या साहाय्याने मिश्र नादातील निरनिराळे सूर वेगळे करून दाखविले. अशा भांड्याला अनुनादक म्हणतात. आपल्या सुराचा आवाज जवळ आला की अनुनादक थरथरू लागतो आणि त्या आवाजाची काही शक्ती स्वतःकडे ओढून घेतो.

या गुणाचा खरा उपयोग पाण्याखाली होतो, हे ऐकून मला नवल वाटले नाही. आमचा हिंगोली जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. पण पाण्याखालचा गोंगाट कसा असतो, हे मला विहिरीने शिकविले होते. उन्हाळ्यात आम्ही पोरे विहिरीत सूर मारीत असू. काठावरच्या इंजिनाची धडधड बाहेर एका बाजूने ऐकू येई. बुडी मारली की तीच धडधड चहूकडून अंगावर चालून आल्यासारखी वाटे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १५०० मीटर. त्यामुळे पाण्यात तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी आदळतो आणि त्याची दिशा आपल्याला उमगत नाही. मला श्वासासाठी वर यावे लागे, आणि तेवढ्यात सुटका होई. समुद्रातील जीवांना मात्र असे बाहेर पडता येत नाही.

समुद्रात उजेड फार खोल पोहोचत नाही. म्हणून तेथील कितीतरी प्राणी कानांच्या भरवशावर जगतात. डॉल्फिन प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतो. निळ्या देवमाशाची खर्जातली साद शेकडो किलोमीटर जाऊ शकते. २०१५ साली आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ निळ्या देवमाशाची मादी व तिचे पिल्लू अभ्यासकांच्या दृष्टीस पडले होते. अशा मायलेकरांच्या सादेवर जहाजांच्या पंख्यांची घरघर पसरली, तर त्यांनी एकमेकांना शोधावे कसे? समुद्रात पवनचक्क्या उभारताना तर पोलादी खांब तळात ठोकतात आणि एकेका खांबावर हजारो घाव बसतात.

येथे आपला पालथा घडा मदतीला येतो. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी तळाशी उघडी अशी हवेने भरलेली लहान लहान भांडी ओळीने टांगून त्यांचा पडदा तयार केला. असा पडदा खांबाभोवती पाण्यात सोडतात. घाव बसला की प्रत्येक भांड्याच्या तोंडाशी पाणी वरखाली नाचू लागते, आतली हवा दबते व फुगते. आवाजाची काही शक्ती या हालचालीत खर्ची पडते, काही मागे परतते, आणि पडद्यापलीकडे पुष्कळ मवाळ झालेला आवाज जातो. भांड्यांचा आकार बदलला की पाहिजे तो सूर दाबता येतो. जर्मनीत तर खांबापासून ७५० मीटर अंतरावर घावाचा आवाज किती असावा, याची मर्यादाच ठरविलेली आहे.

शांतता अशी प्रयत्नपूर्वक घडवावी लागते, ही गोष्ट आता आमच्या जिल्ह्यालाही परकी नाही. औंढा नागनाथजवळच्या दुधाळा परिसराची निवड ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेसाठी झाली आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून दूरच्या कृष्णविवरांच्या मीलनाने उठलेल्या लहरी तेथे टिपावयाच्या आहेत. त्या इतक्या सूक्ष्म असतात की रस्त्यावरून गेलेल्या मालमोटारीच्या हादऱ्यानेही त्या झाकल्या जाव्यात. जागा निवडताना जमीन किती निश्चल आहे, हे म्हणूनच पाहिले गेले. आणि एवढ्यावर न थांबता अशा वेधशाळेत आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीने टांगतात.

आकाशाची कुजबुज ऐकण्यासाठी माणूस एवढी काळजी घेतो, हे भूषणावह आहे. देवमाशाच्या पिल्लालाही आपल्या आईची हाक ऐकावयाची असते. त्याच्यासाठी मागावयाचे ते फारसे मोठे नाही: कामाला हात घालण्यापूर्वी पाण्यात चार ओळी पालथ्या भांड्यांच्या सोडाव्यात. पाण्याला आत न घेणारी ती भांडी आपला गोंगाट मात्र निमूटपणे पोटात घालतात.