पेटी केवढी असावी?

सांगलीच्या हळद बाजारातील एका अडत पेढीवर गेल्या हंगामात, ऐन एप्रिलच्या दुपारी संगणक बंद पडला. सौदे उरकले होते आणि पट्टीची वाट पाहत बारा-पंधरा शेतकरी ओट्यावर बसले होते. माल विकला त्याच दिवशी पट्टी हाती द्यायची, हा पेढीचे कर्ते अण्णा यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता. त्या दिवशी पट्ट्या हाताने लिहिता लिहिता रात्रीचे नऊ वाजले. सूर्यास्त केव्हाच टळल्यामुळे अण्णा उपाशीच झोपले. त्याचे त्यांना काही वाटले नाही. पण शेवटची एस. टी. चुकेल म्हणून चार शेतकरी पट्टीवाचून परतले होते, ते मात्र त्यांच्या मनाला लागले.

दुरुस्ती करणाऱ्याने पेटी उघडली, तेव्हा पंख्यावर हळदीच्या धुळीचा पिवळा थर होता. डेस्काखालच्या बंद कप्प्यात भलीमोठी कॅबिनेट कोंबलेली. तिला श्वास घ्यायलाच जागा नव्हती. उष्णतेने मदरबोर्ड निकामी झाला होता.

नवा संगणक घेण्याचे काम पुतण्याकडे आले. त्याने मापे समजावून सांगितली. एटीएक्स हा 1995 पासून रूढ असलेला मोठा बोर्ड, 305 गुणिले 244 मिलिमीटर. त्याचा येथे विचारच नको. मायक्रो-एटीएक्स 244 मिलिमीटरचा चौरस. तैवानच्या व्हीआयए कंपनीने 2001 मध्ये आणलेला मिनी-आयटीएक्स तर अवघा 170 मिलिमीटरचा चौरस. त्याची कॅबिनेट दहा लिटर आकारमानाचीही मिळते; मायक्रो-एटीएक्सची साधारण तीस लिटरची.

"अण्णा, आपण लहानातली लहान घेऊ. जागा वाचेल आणि आपल्या अपरिग्रहालाही शोभेल," पुतण्या म्हणाला.

अण्णा हसले. "बाळ, आधी या पेटीला काय काय जोडायचे ते सांग."

यादी झाली. कार्बन प्रतींसह पट्टी छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर; त्याला पॅरलल पोर्टाचे कार्ड लागते. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला सिरियल पोर्टाचे दुसरे कार्ड. मिनी-आयटीएक्सवर कार्डासाठी खाच एकच, आणि रॅमच्या खाचाही बहुधा दोनच. मायक्रो-एटीएक्सवर कार्डांसाठी चारपर्यंत खाचा असू शकतात. कार्डांऐवजी यूएसबीच्या जोडतारा वापरता आल्या असत्या; परंतु हमालांची ये-जा असलेल्या पेढीवर लोंबती तार म्हणजे रोजची कटकट.

"आणि हंगामात काही बिघडले तर?" अण्णांनी विचारले. पुतण्याने बाजारात चौकशी केली. पुष्कळ लहान कॅबिनेटींना एसएफएक्स मापाचा वेगळा पॉवर सप्लाय लागतो. तो गावातील दुकानांत तयार नव्हता, मागवावा लागणार होता. नेहमीच्या मापाचा मात्र त्याच दिवशी मिळत होता. शिवाय तेवढ्याच क्षमतेचा लहान बोर्ड महागही पडत होता.

लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटीत बसतो, कारण त्याची स्क्रूची भोके मोठ्याच्या मापांशी जुळवूनच ठेवलेली असतात. मोठा बोर्ड मात्र लहान कॅबिनेटीत बसत नाही. म्हणून पेटी निवडताना आजच्याबरोबर उद्याचीही गरज पाहावी लागते.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहपरिमाणाला इच्छापरिमाण असेही नाव दिले आहे. परिमाण घालायचे ते इच्छेला. मोठेपणाची हौस ही जशी इच्छा, तशी लहानपणाची हौसही इच्छाच. देखणी लहान पेटी दोन वर्षांत अपुरी पडली आणि टाकून द्यावी लागली, तर कचराही वाढतो आणि खर्चही. जी वस्तू गरजेपुरती आहे, दुरुस्त होते आणि दीर्घकाळ टिकते, तीच खरी अल्प.

अखेर मायक्रो-एटीएक्स ठरला. पुतण्याने टेपने कप्पा मोजला, सुताराकडून त्याची मागची फळी काढवली आणि तारांना व गरम हवेला वाट मोकळी करून दिली. कॅबिनेट पुढे धूळ अडवणारी जाळी असलेली निवडली. दर पौर्णिमेला ती जाळी अण्णा स्वतः मऊ कुंचल्याने साफ करतात. आतल्या उबेला एखादा कोळी आलेला असला, तर त्याला कागदावर घेऊन अलगद बाहेर सोडतात.

यंदाही एप्रिल तापला, हळदीची धूळही तेवढीच उडाली. परंतु ओट्यावरचा प्रत्येक शेतकरी पट्टी घेऊनच एस. टी.ला गेला, आणि अण्णांचे जेवण दिवस मावळण्यापूर्वी झाले.