यादीत नसलेला माउथ ऑर्गन

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट. गणपती पेठेतील ज्या व्यापाऱ्यांनी २००५ चा पूर पाहिला होता, त्यांनी त्या वेळच्या खुणेचा अंदाज घेऊन माल वर रचून ठेवला होता. या वेळी पाण्याने ती खूण ओलांडली. अण्णांच्या किराणा-भुसार मालाच्या घाऊक दुकानात गूळ विरघळला, कडधान्यांच्या पोत्यांना मोड आले आणि जुन्या कीर्द-खतावण्यांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर फावड्याने गाळ ओढताना गादीखालच्या खणातून एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात अण्णांचे अकरा माउथ ऑर्गन होते.

चिरंजीव म्हणाले, “अण्णा, हे राहू द्या. आधी विम्याचे बघू.” त्यांचे म्हणणे योग्यच होते. अण्णांनीही वाद घातला नाही. पंचनामा, विम्याचे कागद, खराब मालाची विल्हेवाट, देणेकऱ्यांना मुदतीची विनंती या साऱ्या गोष्टी त्यांनी क्रमाने केल्या. एवढेच केले की, त्या पहिल्या रात्री माडीवर जाऊन सर्व वाद्ये गाळलेल्या पाण्याने हलकेच विसळली आणि सावलीत फडक्यावर मांडून ठेवली. गाळ ओला असतो तोवर निघतो; वाळला की तो सिमेंटासारखा धरून बसतो, हे त्यांना ठाऊक होते. एकही वाद्य मात्र त्यांनी ओठांना लावले नाही. पुराचे पाणी गटारातून आलेले असते. शिवाय आत कण असताना फुंकर मारली तर नाजूक पट्टीच मोडते.

अण्णांचा हा छंद विद्यार्थिदशेतला. ‘सोलवा साल’ (१९५८) मधील आगगाडीतल्या गाण्यात राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला माउथ ऑर्गन आणि पुढे ‘दोस्ती’ (१९६४) मधला माउथ ऑर्गन ऐकून त्या पिढीच्या अनेक मुलांनी हे खिशात मावणारे वाद्य घेतले. वडिलांना दुकानात वाजवणे पसंत नव्हते. म्हणून दुकान बंद झाल्यावर, हिशेब जुळल्यावर, अण्णा आणि त्यांचे धाकटे बंधू मागच्या कट्ट्यावर बसून वाजवीत. धाकट्यांचा हात अण्णांपेक्षा सरस होता, असे अण्णा स्वतःच सांगत.

वाद्य दिसते साधे. मध्ये लाकडाची किंवा प्लॅस्टिकची फणी, तिच्या दोन्ही अंगांना पितळी पत्रे, पत्र्यांवर एका टोकाला रिव्हेटने जखडलेल्या आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या अशा बारीक पितळी पट्ट्या, म्हणजे रीड्स, आणि वरून झाकणे. दहा छिद्रांच्या वाद्यात अशा वीस रीड्स असतात. दहा फुंकल्यावर बोलतात, दहा श्वास आत घेतल्यावर. जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर यांनी १८५७ मध्ये या वाद्यांचा धंदा सुरू केला आणि तेथून ते जगभर गेले. आपल्याकडील हार्मोनियमही याच तत्त्वावर बोलते. मोकळी पट्टी, तिच्याखाली तिच्याच मापाची फट आणि त्या फटीतून जाणारी हवा. बाकी सारा विस्तार.

हार्मोनियमच्या रीड्स बनवण्यासाठी पालिताणा प्रसिद्ध आहे. आपण सारे पालिताण्याला जातो ते शत्रुंजयाच्या दर्शनाला. पायथ्याच्या गावातील या उद्योगाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तरुणपणी यात्रेला गेलेल्या अण्णांचे लक्ष गेले. डोंगर उतरल्यावर ते एका कारागिराच्या ओट्यावर सारी दुपार बसले. रीडचे मोकळे टोक किंचित खरवडले तर सूर चढतो, बुडाशी खरवडले तर उतरतो, हे त्यांनी तेथे पाहिले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या कारागिराने सांगितली ती अशी की, बिघडलेला सूर ऐकताच कानस हाती घेऊ नये. टोकाला मळ चिकटला तरी रीड जड होते आणि सूर उतरतो. तेव्हा दोष पितळेचा नसतो, मळाचा असतो. आधी धुवावे, मग ऐकावे आणि कानस अगदी शेवटी. मळ धुऊन जातो. खरवडलेले पितळ परत येत नाही.

दिवाळीनंतर दुकान मार्गी लागले, तेव्हा अण्णा रोज दुपारी माडीवर बसू लागले. प्रत्येक वाद्याची झाकणे, पत्रे, फणी आणि खिळे-स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत. कोणता स्क्रू कुठला याची कागदावर नोंद. प्लॅस्टिकच्या फण्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतल्या. पितळी पत्र्यांवर हिरवट कळंक चढला होता. काकूंनी देवाच्या भांड्यांसाठी वापरतात ती चिंच पुढे केली. पण चिंचेचा चोथा रीडखालच्या फटीत अडकेल म्हणून अण्णांनी लिंबाचा रस फडक्यातून गाळला, पाण्यात मिसळला आणि पत्रे त्यात थोडाच वेळ ठेवले. नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा विसळले, कारण आंबट अंश मागे राहिला तर तोच पितळ खातो. मऊ ब्रश फिरवायचा तो नेहमी रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडे. उलट फिरवला तर केस टोकाखाली अडकून रीड उचलली जाते. वाळवायचे ते सावलीत. उन्हात लाकूड तडकते. शेवटी ओठांना लागणारा प्रत्येक भाग स्पिरिटने पुसायचा.

मग प्रत्येक रीड उजेडापुढे धरून पाहायची. तिचे मोकळे टोक पत्र्यापासून किंचित वर असावे लागते. अगदी टेकले असेल तर ती मुकी राहते, फार उचललेले असेल तर श्वास वाया जातो. ज्या सूर उतरलेल्या रीड्स अण्णांना पुरात वाया गेल्यासारख्या वाटल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक केवळ धुतल्यावर जागेवर आल्या. कानस लागली ती मोजक्या रीड्सना.

सारी वाद्ये वाचली नाहीत. पाच वाद्यांच्या रीड्स बुडाशी इतक्या कुरतडल्या गेल्या होत्या की, स्पर्श होताच तुटत. अण्णांनी ती बाजूला काढली आणि त्यांचे चांगले भाग सुट्या सामानात ठेवले. बुडीत खाते वेळेवर बुडीत म्हणणे हाही हिशेबाचा धर्मच आहे. खोटी आशा धरून ते वर्षानुवर्षे पुढे ओढले तर वहीतील इतर आकड्यांवरचाही विश्वास जातो. पाच पूर्ण बरी झाली. अकरावे वाद्य मात्र अण्णांनी शेवटपर्यंत उघडले नव्हते.

ते क्रोमॅटिक जातीचे होते. बारा छिद्रे, अठ्ठेचाळीस रीड्स आणि बाजूला एक कळ. ती दाबली की आतली सरकपट्टी हलून सूर अर्ध्या स्वराने चढतो. ते अण्णांचे नव्हते. ते धाकट्या बंधूंचे होते.

१९९३ मध्ये दोघा भावांची वाटणी झाली. पंचांसमोर यादी झाली. दुकान, गोदाम, काटे, तांब्याचे हंडे, पितळेची मापे, सारे लिहिले गेले. गोदामाच्या किमतीवरून शब्दाला शब्द लागला. धाकटे जयसिंगपूरला गेले. गादीखालच्या खणात राहिलेले त्यांचे वाद्य यादीत आले नाही, कारण त्याची आठवण कुणी काढली नाही. अण्णांना मात्र ते काही दिवसांतच दिसले होते. पाठवून देऊ, असे त्यांनी ठरवले. मग, तो येईल तेव्हा देऊ. मग, त्याने मागितले तर देऊ. अशी सव्वीस वर्षे गेली. लग्नकार्यांत भेटी होत, प्रकृतीची विचारपूस होई, त्यापलीकडे बोलणे नव्हते.

अदत्त, म्हणजे न दिलेले, ते घेऊ नये, हे अचौर्य अणुव्रत अण्णा लहानपणापासून ऐकत आले होते. तराजूत खोट केली नाही, कुणाचे पैसे बुडवले नाहीत, म्हणून हे व्रत आपल्याकडून पाळले गेले, अशी त्यांची समजूत होती. त्या वर्षीही पूर ओसरून महिना व्हायच्या सुमारास पर्युषण आले आणि क्षमावाणीच्या दिवशी दोघा भावांनी एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ असा मोबाइलवर संदेश पाठवला. दोन्हीकडून तेच दोन शब्द. तो संदेश पाठवताना ते वाद्य अण्णांपासून चार हातांवर फडक्यावर वाळत होते. पुढे अण्णा म्हणत, “क्षमा मागितली, पण कशाबद्दल ते लिहिले नाही. रक्कम न लिहिलेल्या पावतीसारखे झाले.”

त्यांनी ते उघडले. लाकडी फणी फुगून, मग आकसून दोन ठिकाणी तडकली होती. तिच्यात मुरलेले घाण पाणी निघण्यासारखे नव्हते. सरकपट्टीत गाळ बसला होता. रीड्सवरून हवा अडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या गळून पडल्या होत्या. मिरजेच्या एका वाद्य कारागिराकडून अण्णांनी माडीवरच्या जुन्या कपाटाच्या सागवानी फळीतून तशीच फणी कापून घेतली. लाकडाला ओल लागू नये म्हणून अनेक जण मेण लावतात. मधमाश्यांचे मेण अण्णांना चालणारे नव्हते. त्यांनी जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले आणि प्रत्येक हात पूर्ण सुकेपर्यंत वाट पाहिली. प्लॅस्टिकच्या पट्ट्या मापाने कापून एकेक चिकटवल्या. यात संक्रांत आली.

पाचव्या छिद्राची एक रीड बुडाशी तुटलेली होती. सुट्या सामानात तिच्या जागी बसवता येईल अशी रीड होती. अण्णांनी ती बसवली नाही. दुसऱ्याच्या वस्तूत त्याला न विचारता बदल का करायचा? फणी बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते. हे तसे नव्हते. भिंगाखाली पाहताना मात्र त्यांना एक गोष्ट दिसली. पुराने इतर रीड्सवर आणलेला कळंक हिरवा होता. या तुटलेल्या कडेवर जुना काळपट थर होता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी अण्णा एकटेच जयसिंगपूरला गेले. तिळगूळ दिला, पाणी घेतले आणि डबी पुढे ठेवली. “हे तुझे. वाटणीच्या वेळी यादीत आले नव्हते. मला दिसले होते, तरी मी दिले नाही. पुरात भिजले, ते माझ्याकडे होते म्हणून भिजले. फणी नवी घातली आहे. पाचव्या छिद्राचा एक सूर गेला आहे, तो तसाच ठेवला आहे.”

बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वाद्य हातात घेऊन उलटे-पालटे केले, कळ दाबून पाहिली. म्हणाले, “अण्णा, तो सूर पुराने गेलेला नाही. वाटणीच्या आधीच माझ्या हातून गेला होता. जोरात ओढला आणि तुटला. दुरुस्त करून घेऊ म्हणून खणात ठेवला होता. मग ते सगळे झाले.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “मला वाटायचे, तुम्ही मुद्दामच ठेवून घेतले. आणि मागायला यायचे नाही, हे मीही मुद्दामच ठरवले होते.”

अण्णा म्हणाले, “तुटलेल्या कडेवर जुना थर दिसला होता खरा. पण सारे पुराच्याच नावे लिहायची सवय झाली आहे.”

त्या दिवशी गोदामाचा विषय निघाला नाही. तो एका बैठकीत मिटणारा नव्हता आणि दोघांनाही ते माहीत होते. मात्र निघताना बंधूंनी वाद्य परत अण्णांच्या हाती दिले. “तेवढी रीड बसवा. पण मी येतो. समोर बसून बघतो.”

पुढच्या रविवारी ते सांगलीला आले. काकूंनी सूर्यास्तापूर्वी दोघांची ताटे मांडली. जेवण झाल्यावर दोघे माडीवर दिव्याखाली बसले. एकाने भिंग धरले, दुसऱ्याने चिमटा. रीड बसली, पण तिचा सूर किंचित उतरलेला आला. बंधूंचा हात कानशीकडे गेला. अण्णांनी तो थांबवला, ब्रश त्यांच्या हाती दिला आणि म्हणाले, “आधी धू.”