साडेतीन बाय चारची मोरी



आज कांद्याचं नाही, मोरीचं लिहितोय. लागण उरकली आणि चार दिवस महापेला आक्काकडं राहून आलो. गुडघ्याच्या उपचारासाठी आई महिनाभर तिच्याकडं आहे. फोनवर आईचं रोज एकच, "आंघोळीला गेलं की जीव गुदमरतो रे, मला घरी ने." उपचार अर्धवट सोडून आणायची का, इथपर्यंत गोष्ट आली होती.

आईचंही खरं आहे. जुन्नरला आमची न्हाणी परसात, वर आभाळ, पाणी अळूला आणि केळीला. महापे गावठाणात खोल्या एकमेकींना टेकलेल्या. इथंही एकेकाळी भातखाचरंच होती. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जमिनी कारखान्यांना गेल्या, पुढं १९७० ला सिडको आली. शेत गेलं, गावठाण तेवढंच राहिलं, माणसं वाढली. मग घरं वर चढली आणि मोरी कोपऱ्यात गेली. घरमालक आगरी आहेत, सत्तरीच्या पुढचे. शेतीचं विचारलं की कारखान्यांच्या शेडकडं बोट दाखवतात आणि गप्प होतात.

टेप लावला. साडेतीन फूट बाय चार फूट, म्हणजे १४ चौरस फूट. (आपला गुंठा १०८९ चौरस फुटांचा!) त्यात दोन फूट रुंदीचा २०० लिटरचा ड्रम, कोपऱ्यासकट चार चौरस फूट त्यानंच खाल्लेले. दोन फुटी दार आत उघडतं, ते फिरायला आणखी तीन. म्हणजे निम्मी जागा माणसाची नव्हतीच.

भिंत हलणार नव्हती. पण उसात पट्टा सोडला की रान वाढत नाही, ऊन-वारा मात्र आत शिरतो. इथंही तेवढंच करायचं होतं. मालकांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले.

पाणी ठरावीक वेळेला येतं, त्यामुळं ड्रम काढून चालणार नव्हता. तो बाहेरच्या बोळात विटांच्या थरावर ठेवला, तळाशी नळ काढून अर्धा इंची पाइप भिंतीतून आत घेतला. ठिबकच्या टाकीचंच तत्त्व. झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर डेंग्यूचे डास. भरलेला ड्रम म्हणजे २०० किलो वजन, तो माळ्यावर चढवायच्या भानगडीत कुणी पडू नका.

दाराच्या बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारं केलं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि फक्त जागेसाठी नाही. म्हातारं माणूस आत घसरून दाराला अडलं, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. कडीही बाहेरून काढता येईल अशी बसवली.

झरोक्याला कुणीतरी पुठ्ठा ठोकला होता, तो काढून धुरकट काचेच्या पट्ट्या बसवल्या. आतलं दिसत नाही, पण वाफ निघून जाते. त्याच्यासमोरच्या भिंतीवर आरसा लावला, म्हणजे आलेला उजेड परत फिरतो. कमरेपर्यंतच्या गडद फरश्या तशाच ठेवल्या. वरची भिंत आणि छत पांढरं केलं. पिवळा मिणमिणता दिवा जाऊन ९ वॅटचा एलईडी आला. बादली सोडून जमिनीवर काही ठेवायचं नाही असं ठरलं. साबण, घासणी, तांब्या सगळं कोपऱ्यातल्या फळीवर. जमीन चारी कोपऱ्यांपर्यंत दिसली की जागा मोठी वाटते, हे मी डोळ्यानं बघितलं. चकचकीत फरशी टाकू असं दाजी म्हणत होते, त्याला मी नाही म्हटलं. ओल्या पायाला ती बर्फ. आहे तीच खरखरीत बरी. धरायला स्टीलचा दांडा आणि बसायला स्टूल ठेवलं.

मजुरीसकट दोन दिवसांचं काम झालं.

आई पहिल्यांदा आत गेली आणि आरशाला दचकली. "कोण गं ती?" आक्का हसून हसून बेजार. पण त्या दिवशी आंघोळ निवांत झाली, दार लोटूनच. आता महिना पुरा करते म्हणालीय.

घरच्या न्हाणीलाही यंदा भिंती घालायच्यात, उकिडवं बसणं आईला आता जमणार नाही. गवंड्याला दार बाहेर उघडणारं सांगितलंय. पाणी अळूलाच गेलं पाहिजे, हे आईनं फोनवर आधीच बजावलंय.