पावती कुठाय?

आम्ही कारकून. संगणकाशी आमची गट्टी लवकर जमली, कारण पडद्यावर आमचीच गोष्ट होती : फाईल, फोल्डर, टेबल. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' संगणक आणला, तो कचेरीतल्या माणसांसाठीच. म्हणून रचणाऱ्यांनी पडद्यावर कचेरीच मांडली.

पण घरकाम करणाऱ्या आमच्या वस्तीतल्या ताईंनी कचेरी आतून कधी पाहिली? गेल्या वर्षी लेकाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनी मोबाईलवर भरला, 'सेव्ह' दाबले आणि निर्धास्त झाल्या. 'सबमिट' राहूनच गेले. शिष्यवृत्ती बुडाली. ही चूक ताईंची, असे आम्ही मानत नाही.

यंदा आम्ही शेजारी बसलो. म्हटले, "ताई, हे पोस्टासारखे समजा. सेव्ह म्हणजे पत्र लिहून उशाखाली ठेवले. सबमिट म्हणजे पोस्टाच्या खिडकीत दिले." त्या हसल्या. मग दर पानाला स्वतःच विचारू लागल्या, "आता पाकीट चिकटवलं का?" अर्ज रचणाऱ्यांना एवढी गोष्ट पडद्यावर सांगता आली नसती का?

शेवटचे बटण ताईंनीच दाबले. नुसती हिरवी खूण उमटली.

"भाऊ, पावती कुठाय?"

पावती तीन पाने मागे, भलत्याच नावाखाली सापडली.