आगाऊ रक्कम

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

अंदमान पक्कं झालं. १४ फेब्रुवारीला निघायचं, माणशी ६४,००० आणि वर पाच टक्के जीएसटी. आम्ही दोघं, भावजी आणि धाकट्या जाऊबाई. नोंदणीचे माणशी २०,००० आज भरले. बाकीचे महिनाभर आधी, म्हणजे ऐन संक्रांतीला.

१५ तारखेला महाशिवरात्र आहे हे पैसे भरून झाल्यावर लक्षात आलं. जाऊबाईंनी तिथल्या तिथे एजंटला विचारलं, खिचडी मिळेल का? मिळेल म्हणाला. त्याचंही बरोबर आहे, मराठी माणसाला सहल विकायची तर ताटापासूनच सुरुवात करावी लागते. केसरीभाऊ पाटलांनी हे चांगलं ओळखलं होतं. भावाच्या राजाराणी ट्रॅव्हल्समध्ये काम करून पन्नाशीच्या आसपास, १९८४ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले. एक अख्खी पिढी त्यांच्यासारख्यांच्या भरवशावर पहिल्यांदा विमानात बसली. कंपनीचा ताळेबंद कोणी बघितला नव्हता, टूर मॅनेजरचा चेहरा बघितला होता.

गुरुवार, ४ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार आणि दत्तजयंती एकाच दिवशी. बल्लाळेश्वराच्या देवळात जाऊन आले. घरी येते तो टीव्हीवर इंडिगोच्या रद्द विमानांची यादी चालू. हे सकाळपासून तिथेच बसलेले. हुबळीला एका लग्नाचं रिसेप्शन होतं, नवरानवरी भुवनेश्वरला अडकले. पाहुणे आलेले, जेवण तयार. शेवटी दोघांनी तिथूनच नटूनथटून पडद्यावरून हजेरी लावली. मुलीच्या आईवडिलांनी त्यांच्या खुर्च्यांवर बसून विधी उरकले. हसू येतं, पण त्या माउलीला काय वाटलं असेल!

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज एका दिवसात हजाराच्या वर विमानं रद्द. दिल्लीहून तर रात्री बारापर्यंत इंडिगोचं एकही देशांतर्गत उड्डाण नाही. कारण ऐकून संताप आला. वैमानिकांना आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती द्यायची (आधी ३६ होती) आणि रात्रीची लँडिंगं सहावरून दोनवर आणायची, हा नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाला होता. तो टप्प्याटप्प्याने लागू झाला, शेवटचा टप्पा १ नोव्हेंबरपासून. जवळजवळ दोन वर्षं हाताशी असून माणसं भरली नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात होते. मार्चअखेर आम्हाला एप्रिलपासून दिसायची.

आणि सरकारने काय केलं? नियमच सैल केला. रात्रीच्या कामाच्या मर्यादेतून इंडिगोला १० फेब्रुवारीपर्यंत सवलत. मी कॅलेंडर उघडून बघितलं. आमचं विमान १४ चं.

रविवार, ७ डिसेंबर

काल भाड्यांना कमाल मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारापर्यंत १२,०००, दीड हजारापर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००. रद्द तिकिटांचे पैसे आज रात्री आठपर्यंत परत करा असाही हुकूम निघाला. टीव्हीवर आकडा सांगतायत, ६१० कोटी परत गेले.

ह्यांना त्यामुळे बरं वाटलं. मला नाही. कोणी स्वतः तिकीट काढलं असेल तर पैसे त्याच्या खात्यात येतील. आमचं तिकीट सहल कंपनी काढणार, बहुधा पंचवीस-तीस जणांचं एकत्र. परतावा आला तर कंपनीकडे येणार. विमान सुटायच्या आधीच्या चोवीस तासांत रद्द झालं तर विमान कंपनीने पाच ते दहा हजारांच्या आत भरपाई द्यायची असा विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा नियम आहे, तोही कारण त्यांच्या हातातलं असेल तरच. पण पॅकेजमध्ये विमान ही नुसती सुरुवात. एक दिवस उशिरा पोचलो की श्रीविजयपुरमच्या हॉटेलची रात्र गेली, स्वराजद्वीपची बोट गेली, पुढचं सगळंच घसरलं. त्याचे पैसे कोण देणार? माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात उत्तर आहे: विमानाच्या वेळेतील बदलामुळे होणारा जादा खर्च पर्यटकांनी सोसावयाचा आहे.

ह्यांचं म्हणणं, मग चेन्नईहून बोटीने जाऊ. साठेक तास लागतात. "तात्याराव सावरकर नाही का गेले १९११ साली महाराजा जहाजातून?" यावर जाऊबाई म्हणाल्या, "भावजी, त्यांचं तिकीट सरकारने काढलं होतं."

मंगळवार, ९ डिसेंबर

इंडिगोची दहा टक्के उड्डाणं सरकारने कमी केली. देशातल्या प्रवाशांपैकी साठ टक्क्यांच्या वर एकट्या त्या कंपनीकडे. ती शिंकली की सगळ्या देशाला पडसं.

संध्याकाळी भाचा आला होता. सीए आहे, खारघरला राहतो. त्याला माझी धास्ती सांगितली. तो म्हणाला, "मावशी, तू दोन भीत्या एकत्र करतेयस. विमान रद्द होणं वेगळं आणि कंपनी बसणं वेगळं. पहिल्यात हाल होतात, पैसे बहुतेक परत मिळतात. दुसऱ्यात रांगेत उभं राहायचं, आणि आपण रांगेच्या शेवटी."

मग त्याने एकेक काढून दाखवलं. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. पाच वर्षं कोणी ती परत उभी करील अशी आशा दाखवण्यात गेली. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता विकून देणी भागवा असा आदेश दिला. गो फर्स्टने २ मे २०२३ ला, म्हणजे भर सुट्टीच्या हंगामात, दिवाळखोरीचा अर्ज केला. आधी म्हणाले तीनच दिवस उड्डाणं बंद. मग तारीख पुढे, पुन्हा पुढे. विमानं परत उडालीच नाहीत. आणि नुसत्या विमान कंपन्याच नाहीत. कॉक्स अँड किंग्ज ही १७५८ सालची, पलटणींची कामं बघत मोठी झालेली कंपनी. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणापुढे तिची दिवाळखोरी सुरू झाली. अडीचशे वर्षांहून जुनं नाव बघून पैसे भरणाऱ्यांना कोणी काय सांगायचं?

त्याच्या महिनाभर आधी विलायतेत थॉमस कुक बुडाली होती. (भारतातली थॉमस कुक वेगळी, तिची मालकी २०१२ पासूनच दुसऱ्यांकडे. तेव्हा त्यांना ओरडून सांगावं लागलं होतं की आम्ही ते नव्हे.) २३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कंपनी बंद, आणि दीड लाख ब्रिटिश पर्यटक परदेशात. सरकारने विमानं धाडून सगळ्यांना घरी आणलं. ज्यांनी पॅकेज घेतलं होतं पण निघाले नव्हते, त्यांना पैसे परत. तिथे १९७३ पासून अॅटोल नावाची योजना आहे. विमानासह सहल विकायची तर कंपनीला तिचा परवाना घ्यावा लागतो आणि दर पर्यटकामागे थोडी रक्कम एका निधीत टाकावी लागते. कंपनी मेली तरी निधी जिवंत.

आपल्याकडे? मी विचारलं. भाचा हसला. कंपनी दिवाळखोरीत गेली तर ज्याचे पैसे अडकले त्याने एक फॉर्म भरायचा, 'इतर धनको' म्हणून. बँकांकडे तारण असतं. आपल्याकडे पावती.

मी रात्री उशिरापर्यंत यावर विचार करत होते. आम्ही स्वतःला पर्यटक समजतो. जमाखर्चाच्या भाषेत आम्ही सावकार आहोत: चौघांचे ८०,००० दिले, बिनव्याजी, बिनतारण, अडीच महिन्यांसाठी. बाकीचे भरले की अडीच लाखांच्या वर. एवढी रक्कम शेजाऱ्याने उसनी मागितली असती तर चार प्रश्न विचारले असते.

बुधवार, १० डिसेंबर

कालचंच पुढे. आम्हा पनवेलकरांना पैसे अडकणं म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेबाहेर उभी असलेली माणसं अजून डोळ्यांपुढे आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये परवाना रद्द केला. पण तिथे एक गोष्ट होती. फेब्रुवारी २०२० मध्येच ठेवीवरचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला होता, आणि त्यातून ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील असं रिझर्व्ह बँकेने परवाना काढताना सांगितलं. मोठ्या ठेवी होत्या त्यांची कहाणी निराळी. तरी लहान माणसाला आधार होता. सहलीच्या आगाऊ रकमेला तसलं काहीच नाही. पाच टक्के जीएसटी घेताना सरकारला सहल दिसते, त्यातलंच चिमूटभर निधीसाठी का काढत नाही?

शनिवार, १३ डिसेंबर

लाईन आळीत एजंटकडे गेले. भाच्याने प्रश्न लिहून दिले होते, माझे दोन मी घातले. पोरगा चांगला आहे, त्याच्या वडिलांपासून ओळख. त्यामुळेच विचारायला अवघड. अनोळखी माणसाशी वाद घालता येतो.

आमच्या नावाचं तिकीट निघालं का? नाही. गट पूर्ण झाला की निघेल. सध्या विमान कंपनीकडे थोडी रक्कम भरून जागा धरून ठेवल्यात. नावं कधी जाणार? "निघायच्या आधी दोन-तीन आठवडे, काकू." मग आमचे सगळे पैसे त्याच्या आधी कशाला? त्यावर त्याने चहा मागवला.

पावती कोणाच्या नावाने आहे, तुझ्या दुकानाच्या की कंपनीच्या? दुकानाच्या. मी म्हटलं, कंपनीची हवी. हा मुद्दा त्याला आवडला नाही, पण बदलून देतो म्हणाला.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. म्हणजे शंभर रुपये भरले की कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे ताळेबंद बघता येतात. भाच्याने दोन वर्षांचे काढले. 'ग्राहकांकडून आगाऊ' ही ओळ देण्यांच्या बाजूला आहे, जिथे असायला हवी तिथेच. मी तिच्या समोर बँकेतली शिल्लक ठेवून बघितली. आधीच्या वर्षी शिल्लक जास्त होती, नंतरच्या वर्षी आगाऊ रक्कम जास्त. म्हणजे आमच्या पैशांतून आधीच्या कोणाची तरी सहल निघतेय. भाचा म्हणाला, सगळ्याच कंपन्या असंच करतात, नवी नोंदणी येत राहिली तोवर गाडी चालते. मला भिशी आठवली. भिशीतही शेवटचा नंबर असलेल्या बाईलाच झोप नसते.

मंगळवार, १६ डिसेंबर

महापालिकेची निवडणूक १५ जानेवारीला, काल जाहीर झाली. भाजीवाल्या मावशी विचारत होत्या, देवदर्शनाची बस कोणाची जाते ते कळलं का? इच्छुकांच्या कृपेने उज्जैन, अक्कलकोट, पंढरपूर सगळं फुकट. या पॅकेजात आगाऊ रक्कम मतदाराने द्यायची नसते, उमेदवार देतो. बुडाली तर त्याची.

गुरुवार, २५ डिसेंबर

आपला नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. पहिलं विमान सकाळी बेंगळुरूहून आलं, तेही इंडिगोचंच. सगळी सोसायटी गच्चीवर. भाजीवाल्या मावशी मूळच्या कोंबडभुजेच्या. गावाची जमीन धावपट्टीत गेली, आता सिडकोने दिलेल्या प्लॉटवर राहतात. त्यांना विचारलं, बघितलंत का विमान? बघितलं म्हणाल्या, आणि वजन करायला लागल्या.

जाऊबाईंना वाटत होतं आपण इथूनच अंदमानला उडणार. मुंबईहूनच जायचंय, पहाटे तीनला घर सोडून. पनवेल तालुक्यात विमानतळ आला खरा, पण आमची टॅक्सी त्याला मागे टाकून अंधेरीला जाणार.

बुधवार, १४ जानेवारी २०२६

संक्रांत. बाकीचे पैसे आज द्यायचे होते. मी एजंटला सांगितलं, तिकिटाचा पीएनआर दे, मग त्याच दिवशी उरलेले पैसे टाकते. तो म्हणाला, काकू, असं कोणीच करत नाही. मी म्हटलं, कोणीतरी सुरुवात करायला हवी. मुंबई ऑफिसशी दोनदा बोलला. शेवटी ठरलं: निम्मे आज, निम्मे पीएनआर आल्यावर. आजचे निम्मे मुलाच्या क्रेडिट कार्डावरून भरले, का तर सेवा मिळाली नाही तर बँकेकडे तक्रार तरी लावता येते. ग्राहक आयोग अलिबागला आहे आणि हेल्पलाइन १९१५, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

जाऊबाईंना हे सगळं अति वाटतं. त्या म्हणाल्या, "ताई, माझं गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात आहे. कंपनीचं काय व्हायचं ते होवो, मला सेल्युलर जेलचे जिने त्याआधी चढायचेत." यावर माझ्या वहीत उत्तर नव्हतं.

रविवार, १८ जानेवारी

काल डीजीसीएने इंडिगोला २२ कोटी २० लाखांचा दंड केला. दंड सरकारजमा. हुबळीच्या मांडवात बसलेल्या आईवडिलांना त्यातलं काही नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

पीएनआर आला. तो तीनदा विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघितला, चौघांची नावं आहेत. भावजींच्या नावात एक अक्षर चुकलंय. एजंटला फोन केला, म्हणाला, दुरुस्त होईल, पण आधी उरलेले पैसे भरा. भरले. पावती मागितली, कंपनीच्या नावाची. ती सोमवारी.